महानंदाबाईंचा गृहपाठ

हिंमतरावांच्या फटाक्याच्या कारखान्यात कोणी पळत नाही आणि कोणी ओरडत नाही. विंचू निघाला तरी बाया हातातली नळी आधी खाली ठेवतात, मग उठतात, मग बोलतात. कारखाना म्हणजे तेरखेड्यापासून थोड्या अंतरावर, उघड्या माळावर विखुरलेल्या पत्र्याच्या खोल्या. दोन खोल्यांमध्ये मातीचा उंच बांध. एक स्फोटात गेली तर दुसरी राहावी, म्हणून. दारू भरायच्या खोलीच्या दारात ओलं पोतं अंथरलेलं असतं. अनवाणी पाय त्यावर टेकवल्याशिवाय कोणी आत जात नाही. मोबाईल फाटकावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. ते पेटीत वाजत राहतात.

पौषातल्या एका रविवारी दुपारी महानंदा बिराजदार या फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांना पळायचं होतं आणि ओरडायचंही होतं. सातवीत शिकणारी त्यांची विद्यार्थिनी अर्पिता आत होती. तिच्याजवळ नायलॉनची ओढणी होती, आणि ती बाईंनीच दिलेला गृहपाठ करत होती.

महानंदाबाई तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटच्या. घरात कानडी, शाळेत मराठी. वडील शरणबसप्पा यांचं हायवेच्या कडेला किराणा दुकान आहे. मुलीनं भौतिकशास्त्रात पदवी घेतली, मग शिक्षिकेची नोकरी मिळवली आणि बदलीनं त्याच जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात आली. वाशीत एक खोली भाड्यानं घेऊन त्या राहतात आणि स्कूटीनं शाळेत जातात. गावाचं आणि शाळेचं नाव इथं दिलेलं नाही. पालकांची तशी इच्छा होती. सहावी ते आठवीच्या वर्गांना त्या विज्ञान शिकवतात. तिथल्या निम्म्याहून जास्त घरांतलं कोणी ना कोणी फटाक्याच्या कामावर आहे.

पुस्तकात उत्तरं असतात, पण ती सापडली कशी हे नसतं, अशी त्यांची जुनी तक्रार. म्हणून शनिवारचा शेवटचा तास त्यांनी वेगळा ठेवला. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. माणसांना एखादी गोष्ट कशी कळली, किती वर्षं चुकीची माहीत होती आणि चूक कोणी कशी पकडली, एवढंच बोलायचं.

पहिल्या तासाला त्यांनी दातांची गोष्ट सांगितली. प्राचीन ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटल नावाचा फार मोठा विद्वान होऊन गेला. पुरुषांपेक्षा बायकांना दात कमी असतात, असं त्यानं लिहून ठेवलं. माणूस मोठा, म्हणून पुढच्या लोकांनीही ते तसंच धरून ठेवलं. घरोघरी बायका होत्या, त्यांच्या तोंडात दात होते, पण मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"आपण मोजू," बाई म्हणाल्या. "सोमवारी आईचे आणि वडिलांचे दात मोजून या."

सोमवारी वर्गात हसून हसून गोंधळ झाला. रणधीर नावाच्या मुलानं सांगितलं, "बाई, आई तोंडच उघडंना. म्हणली, मी काय बाजारातला बैल हाय का दात बघायला?"

"आणि वडील?"

"बापाचे मोजले. पण त्यांचे तमाखूनं लई गेलेत. बाप हरला, बाई."

आकडे फळ्यावर मांडले तर कशाचा कशाला मेळ लागेना. तेव्हा मागच्या बाकावरून अर्पितानं विचारलं, "बाई, पडलेले दात धरायचे का न्हाय? ते आधी ठरवाय पायजे हुतं."

वर्षानुवर्षं शिकवताना असा प्रश्न क्वचित येतो. मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, हे त्या पोरीनं कोणी न सांगता ओळखलं होतं. महानंदाबाईंनी त्या दिवशी आईला फोन करून ते सांगितलं. आईला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण ती खूश झाली.

पुढच्या काही शनिवारी बाई धीट होत गेल्या. कोणी सांगितलं म्हणून मानू नका, हे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचं राहिलं. मग तो गृहपाठ आला. घरात एखादा नियम असा असतो, की सगळे पाळतात आणि कारण कोणीच सांगत नाही. असा एक नियम निवडा आणि तो खरा आहे का, ते तपासून या.

मुलं जागेवरूनच नियम सांगू लागली. सांजच्याला नखं काढायची न्हायत. माठावर उलटा तांब्या ठेवायचा न्हाय. अर्पिता उठली. "नायलॉनचं कापड घालून दारूच्या खोलीत जायचं न्हाय. आजी फाटकावरच थांबवती. का म्हणून विचारलं तर म्हणती, न्हाय म्हंजे न्हाय."

घंटा झाली होती. "उत्तम नियम आहे," बाई म्हणाल्या. "तपास."

नियमामागचं कारण त्यांना माहीत होतं. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग सहावीतच होतो. मुलगी चार लोकांना विचारून येईल आणि सोमवारी तिला वीज समजावून सांगता येईल, असं त्यांनी धरलं होतं. फटाक्याच्या गावात तपासणं याचा आणखी एक अर्थ होतो, हे जळकोटच्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी वाशीत एका सहकारी शिक्षिकेच्या घरी बारसं होतं. महानंदाबाईंनी त्यासाठी ठेवणीतली चकचकीत साडी नेसली. थंडी कोरडी होती, वारा उत्तरेकडून येत होता. आरशासमोर त्यांनी अंगावरची शाल ओढून काढली, तसा चट्‌चट्‌ असा बारीक आवाज झाला. केस उभे राहून शालीला चिकटले. त्यांनी कपाटाच्या लोखंडी कडीला हात लावला आणि बोटाला चटका बसला.

बोट तोंडात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग फोन शोधला.

अर्पिताची आई सिताबाई हिंमतरावांकडे दारू भरायचं काम करते. तिचा फोन लागला, वाजला, वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेवढ्यात जळकोटहून आईचा फोन आला. "ऊट आयता?" जेवलीस का, एवढंच तिला विचारायचं होतं. महानंदाबाईंनी काही न बोलता फोन कापला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

अर्पिता दर रविवारी आईचा डबा पोचवते, हे त्यांना ठाऊक होतं. मुलांना फाटकाच्या आत सोडायचं नाही असा कारखान्याचा नियम आहे. पण मुलीची आजी मथुराबाईच फाटकावर बसते, म्हणून डबा देण्यापुरती नात आत जाऊन येत असे. हेही अर्पितानंच कधीतरी सांगितलं होतं.

वाशीहून त्या कशा निघाल्या, ते त्यांना नीट आठवत नाही. माळ दिसू लागल्यावर त्या आकाशाकडे बघत होत्या, हे आठवतं. धूर दिसतो का, ते बघत होत्या. दूर एका शेतात कोणीतरी धसकटं पेटवली होती. तो धूर कारखान्याचा नाही हे जवळ आल्यावर कळलं.

फाटकावर मथुराबाई बाजेवर बसली होती. साठीच्या पुढची, उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत आकसलेली. महानंदाबाई स्कूटी टाकून धावत आल्या, तशी म्हातारीनं हात वर केला.

"बाई, हाय तिथंच थांबा. पळू नका."

"अर्पिता कुठं आहे?"

"हळू बोला. डबा द्यायला गेलीय आत. का वो?"

बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. "ओढणी न्हवती तिच्या अंगावर. म्या बघूनच सोडती," ती म्हणाली. थोडं थांबून तिनंच पुढं जोडलं, "पिशवी मातूर बघितली न्हाय."

महानंदाबाई फाटकातून आत पाऊल टाकणार, तर म्हातारीनं काठी आडवी धरली.

"तुमी न्हाय. तुमच्या अंगावर काय हाय ते बघा."

बाईंनी स्वतःच्या साडीकडे पाहिलं. धावपळीत पदर हाताला चिकटला होता. सोडवला की पुन्हा चिकटत होता. आत जाऊ नये असं माणूस त्या घडीला त्या स्वतःच होत्या.

मग मथुराबाई उठली आणि आत गेली. तिचे गुडघे दुखतात. फाटकापासून दारू भरायची खोली दिसते, पण वाट बांधाला वळसा घालून जाते. म्हातारी नेहमीच्याच चालीनं चालली. महानंदाबाई तारेला धरून बघत राहिल्या. जेवणाची सुट्टी होती. दूरच्या कडुलिंबाखाली बाया डबे सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्यात सिताबाई भाकरी मोडत होती. तिला हाक मारावी तर आवाज साऱ्या माळावर जाईल. खोलीतल्या पोरीच्या हातात काय असेल, ती दचकून काय टाकेल, हे कोणाला माहीत? म्हणून हाक मारायची नाही. म्हातारी बांधामागे दिसेनाशी झाली. माळ पूर्ण शांत होता. पत्रे उन्हानं कडकडले, तेवढ्यानंही महानंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

कारखान्याचे मालक हिंमतराव कधी शेजारी येऊन उभे राहिले, ते त्यांना कळलं नाही. काय झालं ते त्यांनी विचारलं आणि ऐकून घेतलं. शिवी हासडावी तसे त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

आधी म्हातारी दिसली. तिच्या मागे दोन हात अंतरावर अर्पिता, गळ्यात जांभळी चकचकीत ओढणी. म्हातारीनं तिला हात लावलेला नव्हता आणि ती मागे वळूनही बघत नव्हती. दोघी त्याच चालीनं फाटकाबाहेर आल्या. बाहेरच्या वाळूवर आल्यावर मथुराबाईनं नातीच्या एक थोबाडीत दिली. मग ती खाली बसली. 

अर्पिता रडली नाही. गालावर हात ठेवून ती बाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत आनंद होता.

"बाई, म्या तपासलं. आत जाऊन बसले. ओढणी झटकली पण. काय झालं न्हाय. नियम खोटा हाय."

 मग हिंमतराव म्हणाले, "मॅडम, पोरांला शंका घ्यायला शिकवायलाव, चांगलं हाय. आमाला कोणी शिकवलं न्हाय. पण हितं शंका घेणाराचं मागं काय उरत न्हाय, तेवढं ध्यानात ठेवा."

ओढणी मथुराबाईनं काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत कोंबली. महानंदाबाई बारशाला गेल्या नाहीत.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच बातमी शाळेत पोचली होती. अर्पितानं बघितलंय, नियम खोटा हाय. सहावीतली मुलंही तेच म्हणत होती. मुख्याध्यापक आण्णासाहेबांनी महानंदाबाईंना खोलीत बोलावलं. ते रागावले नाहीत. दार लावून घेऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, शनिवारचा तो तास आता बंद करा. एका पोरीनं आग लावली असती, त्यात आपण सगळेच गेलो असतो."

"बंद करते, सर. पण आज बंद केला तर ती जे म्हणतेय तेच शेवटचं राहील."

आण्णासाहेब खिडकीतून पटांगणाकडे बघत राहिले. "मग काय करणार?"

"खरं काय ते दाखवते."

शालेय पोषण आहाराचा तांदूळ ठेवायची खोली अंधारी आहे. बाईंनी सातवीचा वर्ग तिथं नेला, दार लावलं आणि एक ब्लँकेट अंगावरून झटकन ओढलं. अंधारात बारीक निळ्या ठिणग्या पडल्या. पोरं ओरडली, "परत, बाई, परत!" बाईंनी परत केलं. मग समजावलं. कोरड्या हवेत असलं कापड घासलं की त्यात वीज साठते. ती उडी मारते तेव्हा ठिणगी पडते, आणि दारूला तेवढी ठिणगी पुरते. ओल्या पोत्यावर उघडा पाय ठेवला की अंगातली बरीचशी वीज जमिनीत उतरून जाते.

अर्पिता ऐकत होती. बाईंनी तिला विचारलं, "काल आत जाताना पोत्यावर पाय ठेवला होतास?"

"ठेवला की. तो तर नियमच हाय."

एक नियम तपासायला निघालेली मुलगी दुसरा नियम नकळत पाळत आत गेली होती. कदाचित म्हणूनच ती वर्गात उभी होती. कदाचित त्यामुळे नाही, आणखी कशामुळे. बाई हे सांगतच होत्या, तेवढ्यात अर्पिताचा चेहरा उजळला.

"म्हंजे बाई, माझं तपासणं बराबर झालं न्हाय. दोन गोष्टी एकात आल्या. पोतं वगळून कराय पायजे. येत्या आइतवारी करते."

महानंदाबाई सांगतात की खरी भीती त्यांना रविवारी फाटकावर वाटली नाही, ती तांदळाच्या खोलीत वाटली. मुलगी बरोबर बोलत होती. दातांच्या तासापासून त्यांनी जे शिकवलं, तेच ती नीट करत होती. बाई जितकं अचूक समजावतील, तितका तिचा पुढचा प्रयोग अचूक होणार होता. आणि ओढणी आजीनं काढून घेतली असली तरी नायलॉनच्या ओढण्या गावात दर दोरीवर वाळत होत्या. रविवार सहा दिवसांवर होता.

शाळा सुटल्यावर त्या मथुराबाईच्या घरी गेल्या. सुती साडी नेसून गेल्या. म्हातारीनं त्यांना बसायला पोतं दिलं आणि चहा टाकला.

"आजी, नायलॉनचा नियम कुठून आला?"

"जावेपासनं."

तिची धाकटी जाऊ. नायलॉन नवं निघालं होतं त्या काळातली गोष्ट. जाऊ माहेरहून आली ती नवी साडी नेसून आणि नव्या बांगड्या भरून. मंगळवार होता. दुसऱ्याच एका मालकाच्या खोलीत ती दारू भरायला बसली, आणि खोली गेली. मथुराबाई दाराबाहेर पाणी भरत होती. तिनं आत घातलेला हात तोच, आकसलेल्या कातडीचा.

"कोण म्हणलं साडीनं झालं. कोण म्हणलं नव्या बांगडीवर बांगडी आपटली. कोण म्हणलं मंगळवार नडला. सांगायला ती राहिली कुठं? मग आमी तिन्ही सोडलं. नायलॉन न्हाय, नवी बांगडी न्हाय, मंगळवारी दारू भरायची न्हाय."

"तिन्हीतलं खरं कुठलं, असं कधी वाटलं नाही?"

 "वाटतंय की. अजून वाटतंय. पण त्ये बघायला परत एक बाई जाळायची का?"

महानंदाबाईंनी तिला शाळेत यायची विनंती केली. मथुराबाई हसली. "म्या काय शिकवू? मला सही येत न्हाय." पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी भरण्याचं काम नसतं, त्यामुळे फाटकावर तपासायलाही कोणी नसतं. ती आली.

तिनं वर्गात भाषण केलं नाही. खुर्चीवर बसली नाही. जावेची हकिकत सांगितली, हात दाखवला, आणि रणधीरनं विचारलं तेव्हा हात लावूही दिला. मंगळवारचा नियम खरा आहे का, असं एकीनं विचारलं, तर म्हणाली, "म्हाईत न्हाय." तिला माहीत नव्हतं, आणि तिनं ते लपवलं नाही. जाताना नातीला म्हणाली, "तुला कळतंय लई. तुझ्या बापाला पण तुझ्याएवढा असताना कळत हुतं, पर तो गप बसायचा."

 अर्पिताला पटलं की नाही, ते कळेना. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं बाईंना विचारलं, "बाई, आजीची जाऊ एकदाच. एकदा झालं म्हंजे दर वेळी होतंय असं थोडंच हाय?"

"नाही."

"मग माझं एकदा झालं न्हाय, आन तिचं एकदा झालं. दोघी सारख्याच की."

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.  सकाळी घरमालकिणीकडून त्यांनी पिशवीभर चिंचोके मागून घेतले. त्यातल्या एकाला लाल नेलपॉलिश लावलं, वाळू दिलं आणि पिशवीत टाकून पिशवी ढवळली.

शनिवारचा शेवटचा तास आण्णासाहेबांनी बंद केला नव्हता. ते स्वतः दाराशी येऊन उभे राहिले.

"यात एक लाल चिंचोका आहे," बाईंनी सांगितलं. "प्रत्येकानं डोळे मिटून एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा. काढायच्या आधी दारूच्या खोलीत काम करणाऱ्या एका माणसाचं नाव घ्यायचं. घरात कोणी तिथं नसेल तर शेजाऱ्याचं."

"आन लाल आला तर?" रणधीरनं विचारलं.

"तर ती खोली गेली. आणि त्या दिवशी खोलीत जे असेल, ते."

पहिल्या दोघांनी हसत हसत काढले. काळे आले. रणधीरनं मामाचं नाव घेतलं, काळा. तिसऱ्या रांगेपर्यंत हसणं थांबलं होतं. एका मुलीनं आईचं नाव घेतलं आणि हात बाहेर काढल्यावर बराच वेळ मूठ उघडेना. काळा होता. रांगा संपत आल्या.

"बाई, लाल घातलाच न्हाय तुमी," कोणीतरी म्हणालं.

"घातला असेल का नाही, हे न बघता कसं कळेल?"

"पिशवी उपडी करा की."

"खोली उपडी करता येते का?"

शेवटी अर्पिता आली. पिशवीच्या तोंडाशी हात नेला. तिला नाव घ्यायचं होतं. "आई," ती म्हणाली. मग हात तिथंच थांबला.

"बाई, एवढ्या जणांत कुणालाच आला न्हाय."

"नाही आला."

"म्हंजे पिशवीत न्हाय, असं न्हाय."

"नाही."

"म्या काढला आन काळा आला, तरी पण न्हाय."

"तरी पण नाही."

तिनं हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. "मला न्हाय काढायचा," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली. वर्गातलं कोणी तिला चिडवलं नाही.

घंटा झाली. आण्णासाहेब दारातून निघून गेले. 

दुसऱ्या दिवशी, रविवारी, महानंदाबाई सकाळपासून माळावर होत्या. सुती साडी, मोबाईल पत्र्याच्या पेटीत. मथुराबाईनं त्यांना बाजेवर जागा करून दिली.  दुपारी पांदीच्या वाटेनं अर्पिता येताना दिसली, तशा बाई उठून उभ्या राहिल्या. पोरीच्या हातात पिशवी होती. म्हातारीनं पिशवी मागून घेतली आणि तळापर्यंत हात घालून तपासली. डबा, पाण्याची बाटली, कांदा. दुसरं काही नव्हतं. अर्पिता आत गेली नाही. तिनं डबा फाटकाच्या दगडावर ठेवला आणि तारेपाशी उभी राहिली. आईला हाक मारली नाही. लिंबाखालच्या बायांतून सिताबाईनं आपसूक वर बघेपर्यंत ती वाट बघत राहिली.

शनिवारचा तास चालू आहे. गृहपाठ बदलला आहे: नियम कुठून आला ते विचारून या, आणि तपासायचा असेल तर कसा तपासणार, ते आधी बाईंना येऊन सांगा. फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्यही आहे. त्याखाली दुसरी ओळ लिहिण्याचा महानंदाबाईंनी प्रयत्न केला, पण शब्द जमले नाहीत. आपण त्या दिवशी मुलांना विज्ञान शिकवलं की नुसतं भेदरवलं, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. कोरडा वारा सुटला की त्या तासाच्या मध्येही बोलायच्या थांबतात आणि खिडकीतून माळाच्या दिशेनं बघतात. मुलंही बघतात.

चिंचोक्यांची पिशवी वर्गातल्या कपाटात आहे. दर शनिवारी कोणीतरी ती काढायचा हट्ट धरतं, आणि एकदोन जण हात घालतात. अर्पिता घालत नाही. लाल चिंचोका अजून कोणाच्या हाती आलेला नाही.